गिटार आणि परक्याची गाडी

चैत्र लागला की खानदेशातील रस्ते माणसांनी भरून जातात. धुळे, जळगाव, पारोळा, अमळनेर या बाजूंनी वणीच्या सप्तशृंगी गडाकडे पदयात्रींचे जथे निघतात. खांद्यावर भगवा ध्वज, तळपायाला फोड आणि ओठांवर देवीची गाणी. वाटेतील गावकरी मांडव घालून त्यांना पाणी, चहा, सरबत देतात. चैत्र पौर्णिमेस ही यात्रा पूर्ण होते. आपला पुनरुत्थानाचा सणही चंद्रावरूनच ठरतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. पुष्कळ वर्षी ती पौर्णिमा चैत्राचीच असते. त्यामुळे खानदेशात आपला पवित्र सप्ताह आणि वणीची यात्रा अनेकदा हातात हात घालून येतात.

हे ज्ञान मला पंचांगाने नव्हे, एस.टी.ने दिले. मी मूळचा वसईचा. नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी शिक्षकाच्या नोकरीसाठी धुळ्यात राहत होतो. १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात धुळे आणि जळगाव हे दोन्ही जिल्हे आले. पण वसईत जसा एका हाकेच्या अंतरावर शेजारी आणि चर्च, तसे तेथे नव्हते. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतील, जळगावातील, कुठे दवाखान्यातील, कुठे शाळेतील अशी विखुरलेली कुटुंबे सणाला एकत्र येत. गायनवृंदाला वाजविणारा हवा म्हणून मला निरोप येई आणि मी गिटार घेऊन निघे. नेमक्या त्याच दिवसांत बसगाड्या यात्रेकडे वळविलेल्या असत. स्थानकावर तासभर ताटकळल्यावर मी पारोळा रस्त्यावर जाऊन उभा राही आणि येणाऱ्या वाहनाला हात दाखवी.

धुळ्याला मुंबई–आग्रा आणि सुरत–कलकत्ता हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. तेव्हा त्यांना तीन आणि सहा क्रमांकाने ओळखत. जळगाव तेथून सुमारे नव्वद किलोमीटर. पारोळा, एरंडोल, पाळधी, मग बांभोरीजवळचा गिरणेवरील पूल. हे अंतर मी कधी कापसाच्या ट्रकमधून, कधी टरबुजांच्या टेम्पोतून, कधी कडब्याने भरलेल्या ट्रॅक्टरवर बसून तुकड्यातुकड्याने ओलांडले आहे. दुतर्फा कडुनिंब मोहरलेला असे. शेतात पऱ्हाट्या उपटून ढीग रचलेले असत. वाहन थांबले की पहिला प्रश्न ठरलेला: ‘‘कथा जाई राहिना भाऊ?’’ आणि दुसरा, पाठीवरच्या पिशवीकडे बोट दाखवून: ‘‘हाई काय से?’’ गिटार म्हटल्यावर हसू फुटे. भाड्याचे पैसे पुढे केले तर बहुतेक जण हात मागे सारीत आणि गाणे मागत.

एका पवित्र शनिवारची गोष्ट अजून मनात आहे. त्या रात्री जागरणविधीत ‘ग्लोरिया’ला वाजवावयाचे होते. पवित्र गुरुवारच्या ग्लोरियानंतर शनिवारच्या ग्लोरियापर्यंत चर्चमध्ये वाद्य वाजते ते केवळ गायनाला आधार देण्यापुरते. म्हणून मी गिटार पिशवीबाहेर काढली नव्हती. दुपारी एक ट्रक थांबला. तो रावेरकडे केळी भरावयास रिकामा चालला होता. चालक पन्नाशीचा होता. एरंडोल मागे पडेपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘मन्ही माय जळगावले दवाखान्यात से. डॉक्टरनी आशा सोडी दिन्ही. काही वाजाड ना भाऊ.’’

काय वाजवावे ते मला सुचेना. माझी गाणी त्याची नव्हती, आणि दिवसही मौनाचा. मी म्हणालो, ‘‘दादा, तुम्ही म्हणा, मी साथ करतो.’’ थोडा वेळ गेला. मग त्याने खरखरीत आवाजात एक आखाजीचे गाणे धरले. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशातील लेकींचा माहेरचा सण. त्या दिवशी झाडांना झोके बांधतात आणि माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणतात. आई झोक्यावर बसून हेच म्हणत असे, असे त्याने सांगितले. मी दोनच स्वर धरून ठेवले. मधेच त्याचा आवाज थांबला, तरी मी ते स्वर सोडले नाहीत. काही वेळाने त्याने पुढची ओळ उचलली. जळगावला मला उतरवून तो गेला. त्याच्या आईचे पुढे काय झाले, हे मला कधीच कळले नाही. रात्री अंधाऱ्या चर्चमध्ये पुनरुत्थानाची मेणबत्ती आत आली तेव्हा मी त्या अनोळखी माउलीचे नाव न घेता तिच्यासाठी प्रार्थना केली.

आम्हा वसईकरांचा एक पूर्वज असाच परक्या वाटेवर चालला होता. संत गोन्सालो गार्सिया किशोरवयातच वसई सोडून जपानला गेला, तेथील भाषा शिकला, काही काळ व्यापारी झाला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन बंधू होऊन १५९३ साली दुभाषा म्हणून तो पुन्हा जपानात आला. १५९७च्या प्रारंभी हिदेयोशीच्या हुकुमाने त्याला व त्याच्या सोबत्यांना क्योतोपासून नागासाकीपर्यंत ऐन थंडीत चालवीत नेले. तो प्रवास जवळजवळ महिनाभर चालला. ५ फेब्रुवारीला नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर मरण आले. जपानी पंचांगातील वसंतारंभ याच सुमारास येतो. त्यांतील अंतोनियो हा तेरा वर्षांचा मुलगा क्रुसावरून स्तोत्र गायला. गोन्सालोची वाट आणि माझी वाट यांची तुलना होऊच शकत नाही. तो जीव द्यावयास चालला होता. मला तर लोकांनी उचलून नेले. पण त्या ट्रकमध्ये बसल्यापासून मला त्याच्याविषयी एक वाटत आले आहे. परक्याची भाषा शिकावयाची म्हणजे आधी त्याचे ऐकून घ्यावयाचे. गोन्सालो दुभाषा होता, म्हणजे जन्मभर ऐकणारा होता.

आज तो रस्ता रुंद झाला आहे. आपल्यापैकी अनेकांकडे स्वतःची गाडी आहे; तिच्या काचा वर असतात आणि आत गाणे यंत्रावर वाजते. कोणाला गाडीत घ्यावे याची भीती वाटणे स्वाभाविक आहे, आणि लेकीबाळींना सावध राहण्यास सांगणे हे आईवडिलांचे कर्तव्यच आहे. तरीही अम्माऊसच्या वाटेवर त्या दोघा शिष्यांनी एका अनोळखी पांथस्थाला आग्रहाने घरी नेले नसते, तर भाकर मोडताना प्रभूला ओळखण्याचा क्षण त्यांच्या वाट्याला आला नसता. पुनरुत्थानाच्या सणात आपण ही कथा दरवर्षी ऐकतो.

येत्या चैत्रात वणीचे पदयात्री आपल्या दारावरून जातील. गाडी थांबविणे जमेल न जमेल. पण पाण्याचा एक माठ आणि सावलीत दोन बाकडी मांडणे प्रत्येक धर्मग्रामाला जमण्यासारखे आहे. त्यांतील कोणी गाणे म्हणू लागला, तर कोणी तरी शेजारी बसून ते ऐकावे.