साथ आणि श्रद्धा

मोठी साथ आली की लोकांची श्रद्धा वाढते की उडते, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. महाराष्ट्राचा गेल्या सव्वाशे वर्षांचा अनुभव पाहिला तर एवढे मात्र दिसते की साथ लोकांचा आचार झपाट्याने बदलते, विश्वास मात्र सावकाश आणि थोड्यांचाच. ज्याच्या मनात जे आधीपासून असते, तेच संकटात ठळक होते.

जुन्या गावगाड्यात रोगालाच देवता होती. पटकीची साथ म्हणजे मरीआईचा कोप. तिचे ठाणे बहुधा गावाच्या कडेला, वेशीपाशी. गावात माणसे पटापट मरू लागली की तिला दहीभाताचा नैवेद्य दाखवत, कोंबडे-बकरे कापत, दाराला कडुनिंबाचे डहाळे लावत, आणि मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडत. या साऱ्या खटाटोपात रोग का आला यापेक्षा तो गावाबाहेर कसा घालवायचा, याला महत्त्व होते. देव दयाळू असेल तर लेकरे का मरतात, असे मरीआईला कोणी विचारत नसे. ती रागावणारीच, म्हणून तिची समजूत काढायची. साथ गृहीत धरूनच उभी राहिलेली ही श्रद्धा साथीने डळमळत नाही. जी श्रद्धा देवाकडून न्यायाची अपेक्षा करते, तिच्यापुढे हा प्रश्न खरा अवघड होतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला आणि काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. मागे राहिलेल्यांपैकी वांद्रे, माझगाव अशा ठिकाणच्या ख्रिस्ती वस्त्यांनी रक्षणासाठी नाक्यानाक्यावर क्रूस उभारले. त्यांतले काही आजही जागेवर आहेत. पुढच्या वर्षी पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरोघर झडत्या सुरू केल्या. बूट घालून माजघरात आणि देवघरात शिरणाऱ्या शिपायामुळे आरोग्याचा प्रश्न धर्माच्या अपमानाचा झाला. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर केलेल्या हल्ल्यामागे हा संतापही होता.

त्याच साथीत याच्या अगदी उलटही घडले. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली, तेव्हा लोक सुईला घाबरत होते. इस्माइली खोजांचे धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी अनुयायांदेखत ती स्वतः टोचून घेतली आणि त्यांच्यामागे हजारो अनुयायी पुढे आले. ज्या श्रद्धेने लोक इमामाचा शब्द मानत होते, तीच त्यांना लशीपर्यंत घेऊन गेली. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी ससाणे मळ्यात दवाखाना काढून प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा केली. मध्यस्थ आणि कर्मकांड नाकारणाऱ्या, पण निर्मिकाला मानणाऱ्या सत्यशोधक विचाराचे ते आचरण होते. रुग्णसेवा करता करता सावित्रीबाईंनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. क्रूस उभारणारे, चापेकर, आगाखानांचे अनुयायी आणि सावित्रीबाई यांच्यापुढे रोग एकच होता. प्रत्येकाने त्याला आपापल्या जुन्या निष्ठेतून उत्तर दिले. प्लेगने कोणाला नवी निष्ठा दिली, असे म्हणवत नाही.

सव्वाशे वर्षांनी कोरोनाच्या काळात आचार किती वाकू शकतो, हे पंढरीच्या वाटेवर दिसले. १७ मार्च २०२० पासून विठ्ठल मंदिर भाविकांसाठी बंद झाले. आळंदी-देहूहून निघणाऱ्या पालख्यांचे प्रस्थान मोजक्या लोकांत झाले, पण पुढची पायवाट रिकामी राहिली. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी, ३० जूनला, माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एसटी बसमधून पंढरपूरला गेल्या. एरवी पायी अडीच-तीन आठवडे चालणारी वाट काही तासांत संपली. तरीही वारी ‘चुकली’ असे बहुतेकांनी मानले नाही. पादुका वेळेवर पोहोचल्या, नेम पाळला गेला. घरी राहिलेल्यांनी हरिपाठ म्हटला, तुळशीपुढे टाळ वाजवला. नामस्मरणाला जागेचे बंधन नाही, हे संतांनीच सांगून ठेवलेले. त्यामुळे घरी बसण्याचा अर्थ लावायला वारकऱ्यांना नवे तत्त्वज्ञान शोधावे लागले नाही. त्याच वर्षी लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान घडवले. दुसरीकडे दारूची दुकाने उघडली तर देवळे बंद का, म्हणून आंदोलने झाली. त्या भांडणात श्रद्धेबरोबर राजकारण होते, आणि देवळाच्या दारात हार-प्रसाद विकून पोट भरणाऱ्यांची अडचणही होती.

जगभरच्या आकड्यांतूनही साधारण हेच निघते. कोपनहेगनच्या अर्थशास्त्रज्ञ जीनेट बेंत्सेन यांनी ९५ देशांतले गुगलवरचे शोध तपासले, तेव्हा मार्च २०२० मध्ये प्रार्थनेविषयीचे शोध विक्रमी पातळीला गेलेले दिसले. मात्र भीतीच्या क्षणी प्रार्थना शोधणे वेगळे आणि श्रद्धा पालटणे वेगळे. प्यू संस्थेने त्याच वर्षी १४ प्रगत देशांत विचारणा केली. कोरोनामुळे आपली श्रद्धा बळकट झाली असे अमेरिकेत २८ टक्के लोक म्हणाले, डेन्मार्कमध्ये अवघे २ टक्के. शिवाय असे म्हणणाऱ्यांत धर्माला आधीपासूनच मोठे स्थान देणाऱ्यांचा भरणा होता. भाविक अधिक भाविक झाले. उदासीन होते ते बहुतांशी तसेच राहिले.

एकेका घराचा हिशेब मात्र टक्केवारीत बसत नाही. अतिदक्षता विभागातून परतलेला म्हणतो, देवाने वाचवले. शेजारच्या खाटेवरच्याचे नातलग विचारतात, मग आमच्या माणसाने काय घोडे मारले होते? अनेकांना मृत्यूपेक्षाही तोंड न पाहता झालेला अंत्यविधी जास्त लागला. तोंडात पाणी घालायला कोणी नाही, खांदा द्यायला कोणी नाही, दहाव्याला चार माणसे. विधी मेलेल्यासाठी असतो तितकाच मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी असतो, आणि नेमका तोच आधार साथीने काढून घेतला. श्रद्धेला तडा गेला तो अशा घरांतून, आणि तो बाहेर फारसा दिसला नाही.

साथ ओसरली की सामुदायिक आचार बहुधा मूळ पदावर येतो. २०२१ मध्येही पादुका बसनेच गेल्या, पण २०२२ मध्ये पायी वारी पुन्हा लाखोंच्या संख्येने निघाली. देवीच्या रोगाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. ज्या शीतलादेवीच्या कोपाला लोक भीत, तिचा रोग लशीने संपवला. तरी श्रावणातल्या शीतळा सप्तमीला अनेक घरांत आजही चूल पेटत नाही आणि आदल्या दिवशीचे थंड अन्न खाल्ले जाते. त्याच घरांतली मुले दवाखान्यात नेऊन वेळेवर लशीही टोचून आणली जातात, आणि या दोन्हींत काही विसंगत आहे असे त्या घरांना वाटत नाही. श्रद्धा सोडायला सांगणाऱ्यापेक्षा तिच्या शेजारी लशीला जागा करून देणाऱ्याचे काम साथीत लवकर होते, हे हाफकिन यांच्या काळापासून दिसत आले आहे.