अहमदाबादच्या पोळांतून पायी

अहमदाबादला गेलेले पाहुणे साबरमती आश्रम पाहतात, चनिया-चोळीची खरेदी करतात आणि परततात. नदीच्या पूर्वेला वसलेले जुने शहर मात्र बहुतेकांचे पाहायचे राहूनच जाते. तिथल्या अरुंद गल्ल्यांत मोटार शिरत नाही. हे शहर पायीच पाहावे लागते. त्यासाठी महानगरपालिकेने १९ नोव्हेंबर १९९७ रोजी ‘हेरिटेज वॉक’ सुरू केला. सोबत माहीतगार वाटाड्या असतो आणि साधारण अडीच तासांत फेरी पूर्ण होते.

सुरुवात होते काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून. १८२२ सालच्या या मंदिराचे रंगीत लाकडी कोरीवकाम पाहून मंडळी पोळांकडे वळतात. पोळ म्हणजे एका दरवाजाआड वसलेली घरांची वस्ती. दरवाजा लावला की आतली माणसे सुरक्षित! काही पोळांमधून दुसऱ्या पोळीत निघणाऱ्या चोरवाटाही आहेत. चौकात पाखरांना दाणे टाकण्यासाठी उंच खांबावर चबुतरा असतो.

घरांची रचना तर कोणत्याही गृहिणीने पाहावी अशी. दारापुढे शेजारणींशी गप्पा मारायला ओटा, मधोमध हवा-उजेड देणारा चौक आणि चौकाखाली ‘टांका’, म्हणजे पाण्याची मोठी टाकी. छपरावर पडणारे पावसाचे पाणी नळीने यात उतरवायचे आणि वर्षभर पुरवायचे. पाणी साठवण्याची ही युक्ती इथल्या घरांनी केव्हाच साधली होती.

वाटेत कवी दलपतरामांचा चौक लागतो. इथे त्यांचा पुतळा आहे, पण मूळ घर उरलेले नाही. त्याचा दर्शनी भाग तेवढा नव्याने उभारला आहे. हाजा पटेलनी पोळमधले काळा रामजी मंदिर, दोशीवाडानी पोळमधले जैन मंदिर, दिवसा सराफ बाजार आणि रात्री खाऊगल्ली होणारा माणेक चौक असे करत फेरी जामा मशिदीत संपते. अहमदशहाने १४२४ मध्ये बांधलेल्या या मशिदीला २६० खांब आहेत. तिचे उंच मिनार १८१९ च्या भूकंपात पडले.

फेरी संपली तरी आणखी थोडे चालून तीन दरवाजापर्यंत जरूर जा. तिथे १८१२ सालचा देवनागरीतला लेख आहे. तेव्हा शहरावर मराठ्यांचा अंमल होता. सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांचा तो हुकूम आहे: मुलीला वडिलांच्या मालमत्तेतला वाटा विनाअडथळा मिळावा. जो मोडेल, तो हिंदू असल्यास महादेवाला आणि मुसलमान असल्यास अल्लाला जबाबदार राहील. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी देशव्यापी कायदादुरुस्ती २००५ मध्ये झाली, हे आठवले की या दगडापुढून पाय निघत नाही.

जुलै २०१७ मध्ये युनेस्कोने या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. भारतातले हे पहिलेच जागतिक वारसा शहर. पण पोळांतली अनेक कुटुंबे नदीपलीकडच्या फ्लॅटमध्ये गेली आहेत. लाकडी घराची डागडुजी महाग पडते, दारापर्यंत गाडी येत नाही आणि भावंडांत वाटण्या झाल्या की एकट्याला खर्च झेपत नाही. मग घराला कुलूप लागते किंवा तिथे गोदाम होते. नुसता दर्शनी भाग पुन्हा उभारता येतो. ओट्यावरच्या गप्पा आणि चबुतऱ्यावर दाणे टाकणारा हात मात्र तिथे राहणाऱ्यांबरोबरच जातो.

जायचे असेल तर थंडीचे दिवस निवडा. फेरी सकाळी लवकर निघते, म्हणून वेळ आधी विचारून नाव नोंदवा. सपाट चपला आणि डोके झाकायला ओढणी जवळ असू द्या. मुलांनाही अवश्य न्या. आणि पोळीत शिरलात की आपण कुणाच्या तरी अंगणात आहोत हे विसरू नका. आवाज कमी ठेवा, फोटो विचारून काढा. ओट्यावरच्या आजीबाईंना ‘केम छो’ म्हणून पाहा, घराची सारी कथा त्या तुम्हाला हौसेने सांगतील.