कर्ता कोण?

इंग्रजी चांगलं येणाऱ्या मुलांना स्त्री-पुरुष समानतेवर बोलतं करणं अजिबात अवघड नाही, आणि खरी अडचण तीच आहे. नगरमधल्या माझ्या वर्गात परीक्षेची तयारी करणारी मुलं विषय फळ्यावर लिहून होईपर्यंत तयार असतात. मराठीत जिथं ती घुटमळली असती, तिथं इंग्रजीत धडाधड बोलतात. त्या भाषेत त्यांना आई, काकू, वहिनी नसतात ना!

म्हणून वादविवाद मी बंद केले. आता जिल्ह्यातलीच एखादी घटना देते आणि बातमी लिहायला सांगते. अट एकच, प्रत्येक वाक्यात कर्ता हवा. शाळेत कर्मणी प्रयोग घोटून घेतलेल्या या मुलांना ही अट जाचते.

शनिशिंगणापूर घ्या. ‘चौथऱ्यावरची महिलांची बंदी उठवण्यात आली’ असं सगळे लिहितात. कोणी उठवली? मग वर्ग कामाला लागतो. २०१६च्या जानेवारीत देवस्थानच्या अध्यक्षपदी पहिल्यांदाच एक महिला आली, तरी बंदी राहिली. महिलांच्या प्रवेशासाठी तृप्ती देसाईंचं आंदोलन झालं. मुंबई उच्च न्यायालयानं १९५६च्या मंदिरप्रवेश कायद्याच्या अंमलबजावणीची जबाबदारी सरकारवर टाकली. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, पुरुषांनाही असलेली मनाई झुगारून आधी पुरुषांचा जमाव चौथऱ्यावर चढला. त्यानंतर विश्वस्तांनी तो सर्वांना खुला केला. आता वाक्याच्या सुरुवातीला कोणाला बसवायचं? “मॅडम, पुरुष चढले नसते तर?” असं एखादी विचारते, आणि पाठ केलेलं इंग्रजी तिथं संपतं. पुढचं अडखळत येतं, पण ते त्यांचं स्वतःचं असतं.

अमेरिकन मिशनरी सिंथिया फरारबाईंवर मी थोडक्यात बोलते. १८३९मध्ये त्या नगरला आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाई फुल्यांचं प्रशिक्षणही त्यांच्याकडे झालं. पण थोरामोठ्यांची नावं निघाली की मुलांना पुन्हा भाषणाचा सूर लागतो.

कोयत्याचं तसं होत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून मिळणारी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, सहसा नवऱ्याच्या हातात पडते. मोळ्या दोघं बांधतात. या विषयाच्या वेळी मी कोणाच्याही घरची चौकशी करत नाही. फडावर वाढलेलं पोर वर्गात असू शकतं, आणि त्याचं घर हा इतरांच्या सरावाचा नमुना नव्हे. त्याला सांगावंसं वाटलं तर ते सांगेल.

गेल्या वेळी पत्रलेखन दिलं होतं, उचलीची पावती दोघांच्या नावे मागायची. विनंती करायची की मागणी, यावर अर्धा तास गेला. मागून कोणीतरी म्हणालं, “मॅडम, मुकादम इंग्रजी वाचत नाही.” बरोबरच होतं. मग पत्र पुण्याच्या साखर आयुक्तांना लिहायचं ठरलं, आणि विनंतीची मागणी झाली.