पोळेतला मुक्काम

अहमदाबादच्या स्टेशनवरून केलेली रिक्षा पोळेच्या, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या मोहल्ल्याच्या, दरवाजाशीच थांबली. पुढे स्कूटर जेमतेम जाईल एवढी गल्ली, म्हणून बॅग खांद्यावर घेऊन चालायचं. जुन्या शहरातल्या या घरांमध्ये खोल्या अजून परवडतात, त्याचं निम्मं कारण हेच असावं. गाडी दाराशी न आणता येणं सगळ्यांना मानवत नाही.

घर तीन मजली, रुंदीला चिंचोळं पण आत लांबवर गेलेलं. दाराशी ओटला, मग मधला उघडा चौक आणि त्याच्याभोवती खोल्या. पुण्यातला वाडा पाहिलेल्याला हे ओळखीचं वाटेल. फक्त इथे सगळं दाटीवाटीनं वर चढत गेलंय, आणि जिना तर शिडीच म्हणा. दोर धरूनच चढायचा. माझी खोली सगळ्यात वर होती. पलंग, पंखा, कोनाडा आणि भिंतीत बसवलेलं लाकडी कपाट. एसी नव्हता. दुपारी खोली तापली की मी खाली चौकात येऊन बसे. तिथे हवा खेळती असे, आणि घराची खरी बैठकही तीच.

चौकातल्या फरशीवर एक झाकण होतं. घरमालकीणबाईंनी ते उचलून दाखवलं. खाली पावसाच्या पाण्याचं टाकं, गच्चीवरचं पाणी नळीनं थेट आत येतं. "पहिला पाऊस वाहून जाऊ द्यायचा, भाई. छत धुऊन निघालं की मगच पाणी आत घ्यायचं." नळाचं पाणी आल्यावर कितीतरी घरांनी टाकी बुजवली, यांनी ठेवली आहे.

भिंती विटांच्या, पण मधूनमधून आडव्या लाकडी तुळ्या. भूकंपात अशी भिंत जरा हलून सावरते. 2001 च्या भूकंपात शहरातल्या कितीतरी नव्या इमारती कोसळल्या होत्या, हे इथे लोक आवर्जून सांगतात.

2017 मध्ये युनेस्कोनं या शहराला जागतिक वारसा म्हटलं. तरी आमच्या गल्लीत कुलूप लागलेली घरं बरीच होती. माणसं साबरमतीपलीकडे राहायला गेली आणि काही घरांची गोदामं झाली. पाहुणे ठेवणं हा घर राखायचा त्यातल्या त्यात बरा मार्ग दिसतो. नक्षीदार खांब विकण्यापेक्षा तरी नक्कीच.

एकांत मात्र विसरा. शेजारच्या ओटल्यावरच्या आजीबाईंना दुसऱ्याच दिवशी माझं गाव, नोकरी आणि जेवणाची वेळ ठाऊक होती. मराठी म्हटल्यावर त्यांनी गायकवाडांची हवेली पाहून यायला बजावलं. 1753 मध्ये राघोबादादा आणि दमाजी गायकवाडांनी हे शहर घेतलं होतं, ही उजळणी मला तिथे करावी लागली.

रात्री माणेक चौक. दिवसा सराफांची दुकानं, ती बंद झाली की त्याच जागेत पावभाजी आणि सँडविचच्या गाड्या. चीज किसून घातलेलं सँडविच हातात आलं तेव्हा ब्रेड दिसेना. मी दोन खाल्ली, आणि मग तो जिना चढलो.