मोढेऱ्याचा सूर्य आणि शाळेची गच्ची

गेल्या दिवाळीच्या सुटीत बडोद्याहून मोढेऱ्यास जाण्याचा योग आला. तेथील सूर्यमंदिर पूर्वी दोनदा पाहिले होते. या खेपेस मंदिराबरोबर गावही पाहावे, असा हेतू होता.

सोळंकी राजा पहिला भीमदेव याच्या काळी, इ. स. १०२६-२७ च्या सुमारास, पुष्पावतीच्या काठी हे देवालय उभे राहिले. पुढ्यात पायऱ्यापायऱ्यांचे विस्तीर्ण कुंड, मग कोरीव खांबांचा सभामंडप आणि त्यामागे गाभारा. विषुवदिनी उगवत्या सूर्याचे किरण थेट आत पोहोचावेत, अशी सारी मांडणी. गाभाऱ्यात आज मूर्ती नाही, तरी हात आपोआप जोडले जातात.

गावात शिरताच दृष्टी छपरांकडे गेली. जागोजागी निळसर काळ्या सौरपट्ट्या उन्हात तळपत होत्या. रात्रंदिवस सौर विजेवर चालणारे देशातील पहिले गाव म्हणून ९ ऑक्टोबर २०२२ रोजी मोढेऱ्याची घोषणा झाली. घरांवर एकेक किलोवॉटचे संच, शेजारच्या सुज्जनपुऱ्यात ६ मेगावॉटचे केंद्र आणि १५ मेगावॉट-तास वीज साठविणारी बॅटरी-यंत्रणा, अशी ही योजना आहे. मला यातील साठवणीचे विशेष वाटते. ‘रात्री सूर्य कोठून आणणार?’ असे विचारून स्वस्थ बसणाऱ्यांस येथे उत्तर मिळते. एका ओट्यावर बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी विजेचे बिल किती उतरले, ते मला बोटांवर मोजून दाखविले. मंदिराविषयी मात्र ते एक शब्द बोलले नाहीत!

परतताना कडीजवळ चंद्रासणला थांबलो. येथे २०१२ साली नर्मदेच्या शाखा-कालव्यावर सुमारे ७५० मीटर लांबीचे सौरपट्ट्यांचे छप्पर घातले गेले. क्षमता १ मेगावॉट. पुढे आमच्या बडोद्यातही कालव्यावर १० मेगावॉटचा असाच प्रकल्प झाला; जानेवारी २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे तत्कालीन सरचिटणीस बान की-मून यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्यास दशकाहून अधिक काळ लोटला, तरी वाटेत दिसणारे कालवे बहुतेक उघडेच. लोखंडी सांगाड्याचा खर्च अधिक, हे मान्य. पण वाचलेली जमीन आणि बाष्प होऊन न गेलेले पाणी कोणत्या वहीत मांडायचे?

आमच्या राज्यकर्त्यांना उद्घाटनाचा उत्साह पुष्कळ असतो. दुसऱ्या, दहाव्या, शंभराव्या गावापर्यंत तो टिकत नाही, हेच माझे गाऱ्हाणे आहे. राजस्थानात तर २०२५ साली वाहून नेणाऱ्या तारा अपुऱ्या पडल्याने तयार होऊ शकणारी सौर वीज रोखून धरावी लागली. तेव्हा पट्ट्या, तारा आणि साठवण यांची कामे एकदमच हाती घ्यावयास हवीत, आणि अर्जांच्या निकालास मुदत हवी.

मुदतीचा आग्रह मी अनुभवाने धरतो. शाळेचे आणि सूर्याचे कामाचे तास एकच. मे महिन्याच्या सुटीत उरणारी वीज ग्रिडला देता येते. असे लिहून आमच्या सरकारी शाळेच्या गच्चीसाठी मी अर्ज केला, त्यास दोन वर्षे होऊन गेली. फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर गेल्याचे तेवढे कळते. सातवीच्या वर्गातले दोन पंखे आणि संगणकांची खोली आळीपाळीने चालतात.

सुटीनंतर शाळा उघडली, त्या दिवशी दुपारी गच्चीवर गेलो. कार्तिकाचे ऊन, तरी फरशी तापलेली. खाली येऊन चौथे स्मरणपत्र लिहिले आणि शिपायाबरोबर टपालास धाडले.