गुळगुळीत नळीची बंदूक

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडला की अंजूरफाट्यापासून ट्रकांची रांग लागते. भिवंडीत गोदामांमागून गोदामं, गल्लीगल्लीत यंत्रमागांचा खडखडाट. नदीनाक्यावर कामवारी ओलांडून एसटी वाडा रस्त्याला लागली, की मग कुठे भातखाचरं दिसायला लागतात. अंबाडीच्या अलीकडे आमचं गाव. काकांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. त्यांचा निरोप होता, "रायफल तुझ्या नावावर करायचीय, एकदा येऊन बघून जा."

आमचे खापरपणजोबा मुंबई इलाख्याच्या पलटणीत होते आणि ही त्यांची लष्करी रायफल, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. रानडुकरांपासून भात राखायचा म्हणून आजोबांनी परवाना काढला, पुढे तो काकांच्या नावावर झाला.

काकांनी कपाटातून बंदूक काढून ओसरीवर आडवी ठेवली. ठासणीची, लांबलचक, नळी लाकडाला तीन कड्यांनी आवळलेली. आधी ती रिकामी आहे का ते पाहिलं. अशा बंदुकांत जुना बार वर्षानुवर्षं तसाच राहून गेलेला असू शकतो. काकांनी गज हळूच नळीत सोडला, तोंडाशी बोटाने खूण धरली आणि तोच गज बाहेरून नळीला लावून दाखवला. टोक थेट तळाशी पोचत होतं. मग मी घोड्याजवळच्या पोलादी पट्टीवरची धूळ मऊ फडक्याने टिपली. मागच्या बाजूला मुकुट, त्याखाली 'व्ही आर', म्हणजे राणी व्हिक्टोरिया. पुढच्या बाजूला 'टॉवर' आणि '१८६०'. आकडे अजून बोटाला लागतात.

घडण सगळी १८५३ च्या एनफिल्डची. हीच ती रायफल, जिच्या काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला. तिच्या नळीत तीन पेचदार खाचा असत. त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि लांबवर सरळ जाते. एनफिल्डच्या नेमपट्टीवर नऊशे यार्डांपर्यंतच्या खुणा असत. मी टॉर्च लावून नळीच्या तोंडातून पाहिलं. खाच एकही नव्हती. झिजून गेली असेल म्हणावं, तर झिजल्याचीही खूण नाही.

गावातला एकजण भिवंडीत मागावर जॉबर आहे. काकांनी त्याला व्हर्नियर घेऊन बोलावलं. नळीच्या तोंडाचं माप साडेसोळा मिलिमीटरच्या थोडं पुढे आलं. एनफिल्डची नळी साधारण १४.७ मिलिमीटरची. मागची नेमपट्टीही वरखाली न सरकणारी, एकाच जागी बसवलेली.

उत्तर उठावानंतरच्या धोरणात आहे. इंग्रजांनी देशी पायदळासाठी मुद्दाम वेगळी बंदूक काढली. आधी, १८५८ मध्ये, एनफिल्डच्याच नळ्या आतून कोरून गुळगुळीत केल्या; १८५९ च्या नमुन्यात नळी मुळातच तशी, ०.६५६ इंचाची म्हणजे १६.७ मिलिमीटरची बनवली. बाहेरून तीच एनफिल्ड, पण मारा शंभरेक यार्डांपलीकडे भरवशाचा नाही. गोऱ्या सोजिराच्या हातात खाचांची नळी, देशी शिपायाच्या हातात गुळगुळीत.

एवढ्यावर माझं समाधान होईना. म्हणून दुसऱ्या खेपेला मुंबई गाठली. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. इलाख्याच्या लष्करी कारभाराचं चित्र डोळ्यांपुढे उभं करायला याहून चांगली जागा नाही. उठावानंतर नेमलेल्या पील आयोगाने सुचवलं होतं, की बंगालच्या फौजेत दोन देशी शिपायांमागे एक गोरा असावा, मुंबई आणि मद्रासच्या फौजांत तिघांमागे एक. तोफखाना तर जवळपास सगळाच गोऱ्यांकडे गेला. मुंबईची फौज बहुतांशी कंपनीच्या बाजूने राहिली होती; कोल्हापुरात २७ व्या पलटणीने ३१ जुलै १८५७ ला बंड केलं तो ठळक अपवाद. तरीही अविश्वास मुंबईच्या शिपायाच्याही वाट्याला आला. आमच्या ओसरीवरची बंदूक हा त्या अविश्वासाचा ओतीव पुरावा आहे, आणि मला तो कुठल्याही शौर्यकथेपेक्षा मोलाचा वाटतो.

परतताना पुन्हा भिवंडीच्या मागांतून एसटी गेली. उठावानंतर उत्तरेतून परागंदा झालेली मोमीन विणकर कुटुंबं मालेगाव-भिवंडीकडे आली आणि त्यांच्या हातमागांवर या गावाच्या कापडधंद्याचा पाया बसला. एकाच सालाने या तालुक्यात माग आणले आणि आमच्या घरी ही बंदूक.

काकांना मी मापं सांगितली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या माणसावर त्यांचा भरवसाच नव्हता."

आता कागदपत्रांचं काम चालू आहे. परवानाधारकाने सत्तरी ओलांडली असेल किंवा शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं असेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ते हयातीतच वारसाच्या नावावर करता येतं. आमचं गाव ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत, म्हणून अर्ज ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. जुनी आहे म्हणून परवान्यातून सूट मिळेल असं कुणी समजू नये. दुरुस्त करूनही चालणार नाही अशीच जुनी शस्त्रं कायद्यातून सुटतात.

तुमच्या घरी अशी बंदूक असेल तर तिला पॉलिश पेपर लावू नका, गंजासोबत शिक्केही जातात. प्रत्येक खुणेचा फोटो काढा, ती कुणाकडून कुणाकडे आली ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा, आणि परवाना वारसाच्या नावावर वेळेत करून घ्या.