जेवणवेळेपर्यंतचे डोंगर

बेळगावसारख्या शहरात राहून आठवड्याचे सहा दिवस कचेरीच्या दफ्तरांत मान घालून बसणाऱ्या माणसास डोंगर चढण्याचा नाद लागला, म्हणजे त्याची दृष्टी प्रथम हिमालयाकडे, निदान रायगड-राजगडाकडे धाव घेते, आणि पहाटे निघून दुपारच्या पानावर घरी परतता येईल अशा टप्प्यात जे डोंगर उभे आहेत त्यांची तो 'टेकड्या' म्हणून बोळवण करतो. माझा पक्ष नेमका उलट आहे. दूरचा डोंगर पाहुण्यास दिवाणखान्यात बसवतो. स्वयंपाकघरापर्यंत नेतो तो जवळचाच.

शहराच्या दक्षिणेस येळ्ळूरचा राजहंसगड आहे. गाडीरस्ता थेट वर जातो, आत सिद्धेश्वराचे देऊळ आहे, आणि २०२३ साली शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण झाल्यापासून रविवारी तेथे जत्रा भरते. पायांस तिथे काम थोडे. तथापि जूनच्या आरंभी तटावर उभे राहून पाहावे: पश्चिमेस जांबोटी-कणकुंबीकडचे आभाळ शाईसारखे, पूर्वेस शिवारावर लख्ख ऊन, पावसाचे मान सह्याद्रीपासून पूर्वेकडे किती झपाट्याने उतरते, हे कोणत्याही तक्त्याहून तिथे अधिक स्पष्ट समजते.

पण माझा खरा डोंगर वैजनाथाचा. वेंगुर्ल्याच्या रस्त्याने हिंडलगा, सुळगा, उचगाव मागे टाकून शिनोळीस पोहोचले, की आपण महाराष्ट्रात आलेलो असतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच मोडत होता. त्या दिवशी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तालुका मुंबई राज्यात राहिला, आणि आमच्या रविवारच्या डोंगराचा सरकारी मुलूख बदलला. देवरवाडीहून देवळापर्यंतचा चढ आणि तेथून महिपाळगडाचा माथा, जिथे तटाच्या आत आजही गाव नांदते आहे, एवढी ही वाट. माथ्यावरून दक्षिणेस मार्कंडेयाचे खोरे दिसते, उत्तरेस ताम्रपर्णीचे, जिच्या काठी रणजित देसायांचे कोवाड आहे. डोंगराच्या दोन अंगांस पडलेले हे पाणी निराळ्या वाटांनी जाऊन अखेर एकाच घटप्रभेस मिळते. सरहद्दीच्या वादाच्या मिसली चाळताना ही गोष्ट मला हटकून आठवते.

चढण्याची विद्या लोक एकमेकांस शिकवतात. उतरण्याची कोणी शिकवत नाही, आणि गुडघे मात्र उतारावरच जातात. आमच्या बाजूचे माथे जांभ्याचे. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते, उन्हाळ्यात त्याची बारीक खडी पायाखालून निसटते, म्हणून दोन्ही ऋतूंत पाऊल आखूड टाकावे, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा, टाच रोवण्यापेक्षा सबंध तळवा टेकवावा, आणि सरळ उतरण्याचा मोह आवरून नागमोडी जावे. आधारासाठी कारवीचा दांडा धरायचा असेल, तर आधी ओढून पाहावे. फुलोऱ्यानंतर वाळलेली कारवी दिसायला भक्कम असते आणि भार पडताच काडकन मोडते. शिदोरीत भाकरी, चटणी, कांदा एवढे पुरे. बेळगावचा कुंदा हा बैठकीचा पदार्थ आहे. चढावर तो केवळ तहानेस आमंत्रण देतो.

गुरांची वाट आणि माणसांची वाट यांतला भेद ओळखणे ही मात्र वर्षानुवर्षांची कमाई. गुरे चाऱ्यामागे जातात, त्यामुळे त्यांची वाट रुंद, मळलेली आणि विश्वासार्ह भासते, आणि मध्येच करवंदीच्या जाळीत विरून जाते. माणसांची वाट अरुंद असली तरी वळणावर घासलेला दगड दाखवते. संशय आला तर विचारावे. तेही योग्य रीतीने: "ही वाट देवरवाडीला जाते ना?" असे विचारले, तर भिडेखातर 'होय' मिळते. "देवरवाडीला कुठून उतरू?" असे विचारावे. अशाच एका माघातल्या सकाळी मी गुराख्याला हाक मारली, तर उत्तराऐवजी त्यानेच "कुठं निघालासा?" म्हणून उलटतपासणी सुरू केली, आणि बेळगावात माझे घर कोणत्या गल्लीत, दुधाला भाव काय, इथवर जबानी पुरी झाल्यावरच काठीने समोरची खिंड दाखवली. वाट अचूक होती. फक्त जेवायला तीन वाजले.